पाचवं पिल्लू : उदगीरकडच्या एका छोट्या शेडमधलं खच्चीकरणाचं प्रकरण

हे लिहायचं का नाही यावर बरेच दिवस घोळत होतो, कारण यात चूक माझी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची आहे, शेतकऱ्याची नाही. पण ज्यांच्याकडं दोन-चार डुकरिणी आहेत आणि नर पिल्लं खच्ची करायला डॉक्टर नाहीतर गावातला जाणता माणूस बोलावतात त्यांच्या कामाचं आहे, म्हणून लिहितोय. गावाचं नाव टाळतो, उदगीर-जळकोट भाग समजा. शेतकऱ्याला गावात सगळे मामा म्हणतात, मीपण मामाच म्हणतो.

मामांची ३ एकर सोयाबीन आणि कडेला पत्र्याचं शेड. शेडमधे ४ माद्या, पांढऱ्या यॉर्कशायर क्रॉस. नर स्वतःचा नाही, शेजारच्या गावातून पैदाशीपुरता आणायचा. खायला मका, सोयाबीन पेंड आणि उदगीरच्या दोन हॉटेलांचं उरलेलं, ते मात्र मामी मोठ्या पातेल्यात उकळूनच घालतात, या बाबतीत घर शिस्तीचं आहे. गावात डुकरं म्हणलं की लोक नाक मुरडतात, मामांच्या भावानं वर्षभर बोलणं सोडलं होतं, पण पोराच्या कॉलेजची फी त्याच शेडमधून निघाली तसं बोलणं परत सुरू झालं.

आदल्या वर्षी मामांनी नर खच्ची न करताच वाढवले. ७-८ महिन्यांत ८०-९० किलोचे झाले, दिसायला एक नंबर. व्यापारी आला, पुढून बघितलं नाहीच, मागं जाऊन बघितलं आणि म्हणला, "मामा, गोळ्या हायत की याला." गोळ्या म्हणजे अंडं. किलोमागं २० रुपये कापले. मामांना वाटलं हा भाव पाडायचा बहाणा आहे. म्हणून एक कापला तेव्हा अर्धा किलो घरी आणून शिजवला. मामीनं झाकण काढलं आणि तोंडाला पदर लावून बाहेर आली, मुतारीसारखा वास येतोय म्हणली. पोरगा म्हणला कसला वास, मला तर काहीच येईना, आणि दोन वाट्या खाल्ल्या.

दोघंही खरं बोलत होते. नर वयात यायला लागला की अंडांमधे ॲन्ड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते चरबीत जाऊन बसतं, मटण तापलं की बाहेर येतं. काही माणसांच्या नाकाला जन्मतःच हा वास कळत नाही, तो त्यांच्या जनुकांचा भाग आहे. दुसरं द्रव्य स्कॅटोल, ते आतड्यातल्या जंतूंमुळं होतं आणि शेणासारखं वासतं. खच्ची जनावराचं लिव्हर स्कॅटोल बऱ्यापैकी काढून टाकतं, न केलेल्या नराचं लिव्हर त्यात कमी पडतं, म्हणून दोन्ही वास एकदम. म्हणजे व्यापारी बहाणा करत नव्हता.

पण खरं सांगायचं तर मामांच्या शेडला वासापेक्षा मोठा त्रास दुसराच झाला होता. जागा कमी, सगळी भावंडं एकाच कप्प्यात, आणि ५-६ महिन्यांचे झाले की नर एकमेकांवर चढायले, कान फाडायले, आणि दोन पाठी (तरण्या माद्या) सख्ख्या भावापासून गाभण राहिल्या. त्या दोघींची पिल्लं बारीक निघाली, निम्मी मेली. खच्ची न केलेला नर चारा कमी खाऊन जास्त वाढतो हे खरंय, मटणात चरबीपण कमी असते, आणि इंग्लंडमधे बहुतेक ठिकाणी खच्ची करतच नाहीत, वजन कमी असतानाच विकून टाकतात. पण तिथं नर वेगळे माद्या वेगळ्या ठेवायला जागा आहे. इथं ४ कप्प्यांच्या शेडमधे ते गणित बसत नाही.

मग मामा आधी गेले जनावरांच्या दवाखान्यात आणि चिमटा मागितला. बैल बोकडाला लावतात तो, बर्डिझोचा. मामांना वाटलं रक्त न काढता काम होईल. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की इथंच सांगून टाकतो : डुकराला तो चिमटा चालत नाही. बैलाची आणि बोकडाची पिशवी खाली लोंबते, वर मान असते, त्या मानेत आतली शीर ठेचता येते. डुकराची पिशवी शेपटीखाली अंगाला घट्ट चिकटून असते, चिमटा धरायला मानच नाही. रबरी रिंगचंपण तेच. डुकराला कापूनच गोळी काढावी लागते, इथं दुसरा मार्ग नाही. परदेशात एक लस आहे, दोन डोस देऊन अंडांचं काम थांबवणारी, ऑस्ट्रेलियात १९९८ पासून वापरतात, पण मामांच्या शेडमधे ती गोष्ट कशाला, आपल्या हातात ब्लेडच आहे.

आता त्या दिवसाकडं येतो.

आषाढ संपत आला होता, चार दिवस झडी लागलेली. मामांच्या चार माद्यांतल्या ढवळीनं ११ पिल्लं घातली, एक मेलेलं निघालं, १० जगली, ६ नर ४ माद्या. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन मीच दिलं होतं (पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात लोह जेमतेम असतं, आईच्या दुधातून रोज साधारण १ मिलिग्रॅम मिळतं आणि गरज त्याच्या सातपट, सिमेंटच्या कोब्यावरच्या पिल्लाला माती उकरायला मिळत नाही मग ते पांढरं पडतं. हा वेगळा विषय आहे पण खच्ची करायच्या आधी पिल्लू पांढरं नसावं एवढं लक्षात ठेवा, रक्त आधीच कमी असेल तर उगाच कशाला आणखी काढायचं). सहाव्या दिवशी खच्ची करायचं ठरलं. वजन दीड ते दोन किलो. ५ ते ७ दिवस हा चांगला काळ, पिल्लू एका हातात मावतं, जखम लहान होते, लवकर भरते. पहिल्या दोन दिवसांत करू नये, चीक प्यायचे दिवस असतात ते, गोळी बोटाला नीट लागत नाही आणि काही दोष असला तरी तेव्हा दिसत नाही. युरोपात ७ दिवसांच्या पुढं गेलं की भूल दिल्याशिवाय करताच येत नाही. आपल्याकडं १९६० च्या प्राणी क्रूरतेच्या कायद्यात खच्चीकरणाला सूट आहे पण ती ठरवून दिलेल्या पद्धतीनं करण्यापुरतीच, आणि २०२३ च्या नियमांनी ती पद्धत सांगितली : नोंदणी असलेला पशुवैद्यक आणि भूल. म्हणजे गावात अजून जो दाढीच्या ब्लेडचा कार्यक्रम चालतो तो नियमात बसत नाही. डॉक्टर वेळेवर मिळत नाही ही लोकांची तक्रारपण खोटी नाही, पण पिल्लाला त्याचं काय.

मला त्या दिवशी पोचायला साडेपाच झाले. आधी एक म्हैस अडली होती. आभाळ भरलेलं, लाईट गेलेली. पिल्लं घेऊन आम्ही शेडपासून लांब, गाडीच्या पलीकडं गेलो, कारण पिल्लू ओरडलं की डुकरीण दार तोडते, मागं एका ठिकाणी मी तिच्या दाराजवळ बसून केलं होतं आणि तिनं लाकडी फळी मोडून माझ्या पोटरीचा लचका घेतला, खूण अजून आहे.

मामांच्या पोरानं पिल्लू मागच्या दोन पायांनी उलटं धरलं, डोकं खाली, पाठ स्वतःच्या पोटाकडं. सगळे असंच धरतात, कापायला सोपं जातं. साबणानं धुवून पोव्हिडोन आयोडीन लावलं. मेलोक्सिकॅम आधीच टोचलं होतं, किलोला ०.४ मिलिग्रॅम या हिशोबानं, ते दुखणं पुढं दिवसभर कमी ठेवतं. मग लिग्नोकेन, म्हणजे तेवढ्या जागेपुरती भूल, दोन्ही गोळ्यांत आणि कातडीखाली, अगदी थोडं, कारण दीड-दोन किलोच्या जिवाला २ टक्क्यांचं लिग्नोकेन पटकन जास्त होतं, हे अंदाजानं कुणी करू नका. आणि टोचलं की थांबायचं. किमान ५ मिनिटं. इथं सगळ्यांची घाई होते, टोचलं की लगेच कापतात, मग त्या सुईचा उपयोग काय, उलट एक सुई जास्तीची टोचली. आम्ही थांबलो, सहाही पिल्लांना ओळीनं टोचून मग पहिल्यापासून कापायला घेतलं.

ब्लेड १२ नंबरचं, टोकाला आकडा असलेलं. पिशवीच्या खालच्या अंगाला, पिल्लू उभं राहिल्यावर जी बाजू जमिनीकडं येईल तिथं, प्रत्येक गोळीवर नखाएवढा छेद. खाली छेद घ्यायचा म्हणजे आत पाणी साठत नाही, निचरा होतो. अंगठ्यानं दाबलं की गोळी बाहेर येते, आवळ्याच्या बीएवढी, गुलाबी. ती हळू बाहेर ओढायची, झटका द्यायचा नाही, झटक्यानं आतलं भोक मोठं होतं. गोळीला जोडलेली दोरी ताणून धरून ब्लेडनं खरवडत तोडायची, सरळ कापली तर रक्त जास्त येतं, खरवडली की शिरेचं तोंड चुरगळून बंद होतं. टाका घालायचा नाही. आयोडीन, माशी बसू नये म्हणून टॉपिक्युअरसारखा स्प्रे, झालं. चार पिल्लं अशी झाली, प्रत्येकाला दीड-दोन मिनिटं, मामा म्हणले, "डॉक्टर, लई हलक्या हातानं करायलात." मीपण खूश होतो.

पाचव्याचीपण उजवी गोळी काढली, डावी काढली, दोरी जरा जाड लागली पण उजेड कमी होता, पाऊस सुरू झाला होता, मी तिकडं लक्ष दिलं नाही. पोरानं पिल्लू सरळ करून सोयाबीनच्या भुसकटावर ठेवलं. ते उभं राहिलं, दोन पावलं गेलं, जोर लावून किंचाळलं आणि डाव्या छेदातून ओलसर गुलाबी दोरीसारखं काहीतरी बोटभर बाहेर आलं. मग वीतभर. भुसकट त्याला चिकटायलं. मामांना वाटलं नाळ राहिलीय. ते आतडं होतं.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना सांगतो, अशा वेळी पहिली चूक म्हणजे आतडं हातानं तसंच आत कोंबणं. घाण आत जाते आणि पिल्लू जेवढं रडतं तेवढं परत बाहेर येतं. पोराला म्हणलं परत उलटं धर, हलू देऊ नको. गाडीत सलाईनची बाटली होती, धुतलेल्या पंचावर ओतून आतडं गुंडाळलं. झायलाझीन-केटामिन देऊन झोपवलं, मोबाईलच्या बॅटरीत सलाईननं धुतलं, एकेक भुसकट चिमट्यानं वेचलं, आत जाईना म्हणून भोक जरा मोठं केलं, आत घालून वर गाठ मारली, टाके घातले, अँटिबायोटिक दिलं. तासभर गेला. पिल्लू रात्री दोनदा आईला लुचलं असं मामींनी फोनवर सांगितलं आणि मला वाटलं वाचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेलं. पोट फुगलेलं. मी जाऊन फाडून बघितलं, मामांना आवडलं नाही पण बघितलं. आत सगळं पिवळं, आतड्याची वेटोळी एकमेकांना चिकटलेली, आणि मागच्या बाजूला सोयाबीनच्या शेंगेच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा. मी वेचताना राहिलेला.

काय चुकलं होतं ते अवघड नाही. त्या पिल्लाला जन्मतः अंत्रगळ होता. पोटातून अंडाकडं जाणारं भोक काही पिल्लांमधे जास्त रुंद राहतं, त्यातून आतडं पिशवीत उतरतं. कातडी आणि आतली पिशवी शाबूत आहे तोवर आतडं तिथल्या तिथं वरखाली करत राहतं, पिल्लू खातं पितं वाढतं, कुणाला पत्ताही नसतो. आपण छेद घेऊन ती पिशवी उघडली की आतड्याला बाहेरचा रस्ता मोकळा. आणि मला ते दिसलं का नाही? कारण पिल्लू उलटं धरलेलं होतं. डोकं खाली केलं की आतडं आपोआप पोटात परत जातं आणि पिशवी इतरांसारखीच दिसते. कापायला सोयीची जी पकड आहे तीच नेमकी दोष लपवते. कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंपण होतं. साडेपाचला, लाईट नसताना, म्हशीच्या घरून थकून आल्यावर ते आठवलं नाही.

त्या संध्याकाळी पाचव्याचं आवरल्यावर सहावं पिल्लू राहिलं होतं, टोचलेलं पण न कापलेलं. त्याला मी पुढच्या पायांखाली धरून उभं केलं, तोंड वर, मागचे पाय खाली लोंबते, आणि पोट हलकं दाबलं. ते रडलं तसं डाव्या बाजूला आवळ्याएवढा फुगा आला. उलटं केलं, गायब. परत उभं केलं, परत आला. पोराला दाखवलं, त्यानं स्वतः दोनदा करून बघितलं. १५ सेकंदांचं काम. हेच मी पहिल्या पिल्लापासून केलं असतं तर, असो. सहाव्याला न कापताच परत आईकडं सोडलं.

दोन दिवसांनी मामांकडं एक तात्या आले होते, वडार वस्तीतले, वय सत्तरच्या पुढं, पिढ्यानपिढ्या डुकरं सांभाळलेले, पाठी बघायला आलेले. त्यांना मामांनी सगळं सांगितलं, मी तिथंच होतो. तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, विडीची राख झटकत मामांनाच म्हणले, "आमी आदी तोंड वर करून धरताव. पोट दाबताव, रडू देताव. गोळा उतरला की त्याला सोडूनच देताव, त्याला हात लावीत नाव." मग माझ्याकडं बघून, "डॉक्टरनी दाबलं नव्हतं का?" मी म्हणलं नाही तात्या, नव्हतं दाबलं. ते हसले वगैरे नाहीत, मान हलवली फक्त. माझ्या आख्ख्या नोकरीत याहून सरळ तपासणी कुणी घेतली नसेल.

तात्यांच्या सगळ्याच गोष्टी घेण्यासारख्या नाहीत हे पण सांगतो, नाहीतर लोक म्हणतील जुनं ते सोनं. ते जखमेवर चुलीची राख नाहीतर वाड्यातली माती दाबतात. रक्त थांबतं हे खरं, पण शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि वरून राखेनं तोंड बुजलेली जखम त्यांना सगळ्यात आवडते, हवा लागत नाही ना. एका ठिकाणी असंच केलेल्या पिल्लांतली तीन ताठ होऊन मेलेली मी बघितलीत, कान उभे, पाय लाकडासारखे. ब्लेड एकच आणि पिल्लं वीस, तेही तसंच. पण उभं धरून पोट दाबणं, ते त्यांचं शंभर टक्के बरोबर.

बाकी चार पिल्लांचं थोडक्यात. तीन ८-९ दिवसांत भरून आली. एकाच्या जखमेत चौथ्या दिवशी अळ्या पडल्या, पाऊस आणि माश्या, भुसकट बदललं नव्हतं, ओलं झालेलं. टर्पेंटाईनचा बोळा धरला, अळ्या वर आल्या तशा चिमट्यानं काढल्या, स्प्रे, आयव्हरमेक्टिन, आठवड्यात बरं झालं. पावसाळ्यात पाचट किंवा भुसकट रोज बदलायचं, किमान पाच दिवस, हे मामांना सांगितलं होतं पण सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत कोण ऐकतंय. आणि खच्ची केल्यावर पिल्लं एका तासानं, रात्री झोपताना आणि सकाळी अशी तीनदा मागून बघायची, रक्त ठिबकतंय का, सूज आहे का, काही लोंबतंय का. अंत्रगळ बारीक असेल तर आतडं लगेच न येता रात्रीतूनपण येतं.

सहाव्याचं काय करायचं यावर मामांचं आणि माझं जरा झालं. पर्याय तीन होते. एक, तसाच ठेवून ३-४ महिन्यांचा झाला की विकून टाकायचा, वयात यायच्या आत, वासाचा प्रश्नच येत नाही. खरं तर लहान शेतकऱ्याला हाच परवडतो आणि मी बहुतेकांना हाच सांगतो. दोन, ऑपरेशन. तीन, मामांचा पर्याय, "जरा जपून कापा की डॉक्टर, एवढं काय." तिसऱ्याला मी सरळ नाही म्हणलं. ऑपरेशन मी फुकट करतो म्हणलं, कारण पाचव्याचं ओझं होतंच, आणि कुणाला वाटेल मोठेपणा करतोय तर तसं नाही, मला ते नीट करून बघायचं होतं.

साडेचार आठवड्यांचं झाल्यावर पोरगा त्याला टोमॅटोच्या कॅरेटमधे घालून मोटरसायकलवर माझ्याकडं घेऊन आला. सकाळपासून उपाशी ठेवलेलं. यात साध्या खच्चीकरणापेक्षा फरक एवढाच की आतली पांढरी पिशवी फोडायची नाही. कातडीला छेद जरा वर, जांघेकडं, घेतला, पिशवी गोळीसकट अख्खी मोकळी केली, पिल्लू उलटं असल्यानं आणि वरून चिमटत आल्यावर आतडं पोटात परत गेलं, मग पिशवीला दोऱ्यासारखा पीळ देत देत भोकापर्यंत गेलो, तिथं विरघळणाऱ्या दोऱ्यानं गाठ, गाठीच्या खालून पिशवी-गोळी एकदम कापून टाकली आणि भोकाला दोन टाके. उजवी बाजू तपासून नेहमीसारखी. ४० मिनिटं लागली. संध्याकाळी उठून उभं राहिलं आणि पोराच्या बोटाला चावलं. पुढं ८५ किलोचं झालं आणि त्याच व्यापाऱ्यानं पूर्ण भावात नेलं, मागं जाऊन बघितलं आणि काहीच बोलला नाही.

एका वेताला दोन अंत्रगळ म्हणल्यावर मी नराची चौकशी केली. शेजारच्या गावात ज्याचा नर त्याला फोन लावला. तो म्हणला आमच्याकडंपण दोनदा "पिल्लाला गोळा" झाला होता, पण ती विकली. हा दोष रक्तातून येतो, एकाच जनुकाचं काम नाही, आई-बाप दोघांकडूनही येऊ शकतो, म्हणून नराकडं सरळ बोट दाखवता येत नाही, पण असा नर पैदाशीला ठेवू नये आणि त्या वेताची भावंडंपण ठेवू नयेत, सगळी बाजाराला. नर बदलला, तो विषय मामांनी लगेच ऐकला. त्या वेताच्या ४ पाठींचं मात्र ऐकेनात. त्यातली एक खरंच देखणी होती, लांब पाठ, १४ सडं, एका रांगेत. "पाठीला कुठं गोळ्या असतात डॉक्टर, तिला काय होतंय?" तिला काही होणार नाही मामा, तिच्या पोटच्या नरांना होईल, म्हणलं. तीन विकल्या, ती ठेवली. माझा आवाज त्या घरात पाचव्या पिल्लापासून जरा कमीच लागतो, जास्त ताणलं नाही.

८ महिन्यांची झाल्यावर दुसऱ्या, लांबच्या नराकडून भरवली. ११४ दिवस मोजून पोरानं शेडच्या पत्र्यावर खडूनं तारीख लिहिली होती, एक दिवस आधी व्याली, परत आषाढच. ९ पिल्लं, ५ नर. सहाव्या दिवशी सकाळी दहाला गेलो, ऊन होतं, म्हैस वगैरे काही नव्हतं. मी पेटी उघडेपर्यंत पोरानं पाचही नर एकेक करून उभे धरले, पोट दाबलं, रडवलं. चार माझ्याकडं दिले. पाचव्याच्या कानाला मामींची लाल नेलपॉलिश लावून त्याला परत ढोलीत सोडलं. मी विचारलं कोणती बाजू. डावी, म्हणला.

मामा तिथंच मक्याचं पोतं सोडत होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं, पोत्याची सुतळी गुंडाळून खिशात टाकली आणि आत चहा सांगायला गेले.